एकटीचा वर्ग

हंगेरियन भाषेच्या वर्गासाठी त्या वर्षी एकच अर्ज आला, तो धाकटीचा. घरी तिला सगळे धाकटीच म्हणत. विद्यापीठातला कारकून अर्ज चाळत म्हणाला, "एका मुलीसाठी शिक्षक कुठून आणायचा? आपला आपण अभ्यास करा नि परीक्षेला बसा. तेवढं नियमात बसतं."

"मग तसं करते," ती म्हणाली. महिन्याभरात हिचा उत्साह मावळेल, असं कारकुनाला वाटलं.

पण ती हट्टाला पेटली. ग्रंथालयाच्या तळघरात भिंतीकडे तोंड केलेल्या टेबलांपैकी शेवटचं तिने धरलं. हेडफोनच्या एकाच कानात आवाज येई. टेपवरचा आवाज एका म्हाताऱ्याचा. तो मध्येच घसा साफ करत सावकाश धडे वाचायचा. ती त्याच्यामागून म्हणायची, टेप मागे घ्यायची, पुन्हा म्हणायची. पुढे तिने ठरवलं, आपल्या भाड्याच्या खोलीत पाऊल टाकलं की बोलायचं ते त्याच भाषेत. ऐकायला कोणी नव्हतंच. मी चहा केला, साखर संपली, उद्या आणीन, असं भिंतींना सांगून सांगून तिची क्रियापदं पक्की झाली. चूक दाखवणारंही कोणी नव्हतं, म्हणून दर रविवारी तीच लाल पेन घेऊन आपली वही तपासायला बसे.

रविवारीच ताईचा फोन यायचा. "दिवसभर कुणाशी बोलतेस की नाही गं?"

"बोलते ना," धाकटी म्हणाली. ते खोटं नव्हतं. फोन ठेवून ती पुन्हा वही तपासू लागली.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या, मूळच्या हंगेरीच्या. आधी धाकटीने घसा साफ केला. मग ती बोलू लागली, आणि बाई हसू दाबू लागल्या.

"काही चुकलं का?"

"नाही. तू थेट माझ्या आजोबांसारखी बोलतेस. ते घसा साफ करणंसुद्धा."

वीस मिनिटांची परीक्षा तासभर लांबली. बाईंनी ताईबद्दल विचारलं, खोलीबद्दल विचारलं, खिडकीतून काय दिसतं तेही विचारलं. वर्षभरात तिच्याशी इतकं कोणीच बोललं नव्हतं, कुठल्याही भाषेत.

पहिला वर्ग मिळाला. कारकुनाने जागेवरून उठून निकाल तिच्या हातात दिला. तिने ताईला फोन लावला.

"शाब्बास गं," ताई म्हणाली. "आता कसं वाटतंय, सांग तरी."

धाकटी सांगायला गेली, तर ओठांवर आले ते नेमके परके शब्द. ते मागे सारून तिने मराठी शब्द शोधले.

"बरं वाटतंय," ती म्हणाली.