डेव्हिडमामांचं वाचन

रविवारी सकाळी आमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, मी मोठ्यांना हिब्रू वाचायला शिकवते. वेळेवर कोणी येत नाही, चष्मा हमखास घरी राहतो; ते मी सोडून दिलंय. पण या लोकांना प्रार्थना पाठ आहेत, त्याला काय करावं? मी एका शब्दावर बोट ठेवते, की डेव्हिडमामा चालीत सुरू. बोट पहिल्या ओळीवर, गळा पानाच्या तळाशी.

"मामा, वाचा. गाऊ नका."

"अगं, बरोबरच म्हणतोय ना?"

बरोबर म्हणतात, हीच पंचाईत. प्रार्थना चालवणाऱ्या आमच्या हजानकाकांना आता दिसत नाही. तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, गुंडाळीवर पाहूनच वाचायचा असतो. पाठ म्हटलेला चालत नाही, आणि बाईने वाचायची आमच्याकडे पद्धत नाही. वाचणारा तयार झाला नाही, तर ती गुंडाळी कपाटातच राहणार.

कोकणात आमच्या वाडवडिलांजवळ पुस्तकं नव्हती, तेव्हा धर्म पाठांतरावरच टिकला. त्याच पाठांतरावर मी दर रविवारी चिडते.

परवा मी पान कागदाने झाकलं आणि मधला एकच शब्द उघडा ठेवला. मामा पानावर वाकले. मग अक्षर अक्षर जुळवत त्यांनी तो कसाबसा वाचला.

"जन्मभर ओळखता त्याला," मागच्या बाकावर शिकायला बसलेल्या रेबेकाबाई म्हणाल्या, "तोंड आज पाहिलंत होय?"

सगळे हसले. मामांनी मात्र माझ्या हातातून कागद ओढून घेतला आणि स्वतःच पुढच्या शब्दावर सरकवला. तो त्यांनी चुकीचा वाचला. मला इतकं बरं वाटलं, की दुरुस्त करायला मी जरा उशीरच केला.