भात, चणे आणि वाळू

"हालू नको. बाबू, हालू नको म्हनतो ना! मरळीले समजते!"

मिस्त्री एवढ्या जोरात ओरडला, की पल्याडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायांचे हात थांबले, बाभळीवरचा बगळा उडाला आणि आमच्या बुडाखालची खाट, जी तोवर गुमान उभी होती, ती त्याच्या आवाजानंच हलली. हिवाळा नुकता लागला होता. पाण्यावर धुकं होतं. जिनिंगच्या मागच्या तळ्यात, मधोमध, सुतळीच्या खाटेवर आम्ही दोघं बसलेलो. खाटेखाली ट्रकच्या दोन ट्यूबा बांधलेल्या. त्यांची इतकी पंक्चरं काढलेली होती, की मूळ रबर कोणतं आणि ठिगळ कोणतं हे सांगणाऱ्याला मी आजही चहा पाजायला तयार आहे.

"मिस्त्री, ओरडून तर तुमीच राह्यले," मी म्हणालो.

"काय?"

"तुमी ओरडून राह्यले."

"मच्छीले कान नसते," तो पुन्हा ओरडला. "तिले हालचाल समजते फक्त."

मला आणि त्याला जरा वेळ त्या खाटेवरच राहू द्या. मरळ यायला अवकाश आहे. तोवर हा माणूस कोण ते सांगतो.

महागावच्या रस्त्यावर आमची जिनिंग होती. मी फाटकाजवळ काट्यावर बसायचो, आलेल्या कापसाचं वजन करायचो. मिस्त्री आत. आत म्हणजे चोवीस मशिनींच्या मधोमध. एका बाजूनं कापूस जायचा, दुसऱ्या बाजूनं रुई आणि सरकी वेगळी व्हायची, आणि मधे जो आवाज व्हायचा त्यानं तीस वर्षांत मिस्त्रीचे दोन्ही कान खाऊन टाकले होते. आपण अजून मशिनीतच उभे आहोत असं समजून तो जगाशी बोलायचा. एकदा फाटकाशी त्यानं माझ्या कानाला लागून एक गुपित सांगितलं. रस्त्यानं उमरखेड गाडी चालली होती. कंडक्टरनं घंटी मारून गाडी थांबवली, खिडकीतून डोकं काढून "मी कोनाले सांगत नाही" म्हणाला आणि डबल घंटी दिली. खोटं वाटत असेल तर त्या कंडक्टरला विचारा. तो आता कुठं असतो ते मात्र मला विचारू नका.

असा ठार बहिरा माणूस मशिनी कशा सांभाळायचा? दातांनी.

लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचा, टोक मशिनीच्या बेअरिंगवर टेकवायचा आणि मूठ दातात धरून डोळे मिटायचा. मग सांगायचा, "नऊ नंबरचं डाव्या अंगाचं बेअरिंग पंधरा दिवसात जाते." पंधराव्या दिवशी जायचं. सोळाव्याला गेलं तर मिस्त्री त्या बेअरिंगवर रुसायचा. त्याचं म्हणणं एकच: "कान बोले झूट, दात बोले सच."

आता अडचण अशी, की मिस्त्री सुपारी-तंबाखूचा खर्रा खायचा. दिवसाला किती ते सांगत नाही, पण पानठेल्यावाल्यानं घरावर स्लॅब टाकला तेव्हा वास्तूच्या जेवणाला पहिलं ताट मिस्त्रीचं होतं. त्या खर्‍यानं एकेक करून त्याचे दात नेले. मी सांगतोय त्या वर्षी तोंडात समोर एकच कामाचा उरला होता, वरचा, डाव्या अंगाचा. तोही दारात उभ्या पाहुण्यासारखा, जाऊ का बसू करत.

चाची, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "मय बोली तो इनकू सुनते नै. मशीन बोली तो सुनते, मच्छी बोली तो सुनते. मय क्या इनके दात पे बैठ के बोलूं?"

मच्छी बोलायची हे खरं होतं. काठ सोडला तर तळं सगळं जलपर्णीनं झाकलेलं. वरून हिरवी गादी, एवढी दाट, की एकदा तिच्यावर कुत्रं चालत गेलेलं मी पाहिलंय. जाळं टाकायची सोय नाही. पण मरळ हा मासा वेगळा. त्याला पाण्यातला दम पुरत नाही, घडीघडी वर येऊन हवा प्यावी लागते. झाकलेल्या तळ्यात त्यानं यावं कुठं? मिस्त्री बांबूला विळा बांधून त्या हिरव्या गादीला परातीएवढं भोक पाडायचा. त्याला तो खिडकी म्हणायचा. "आपन खिडकी उघडून ठेवाची, बाबू. ते दम खायले आपोआप येते. मिलच्या मजुरासारखी."

सामान सगळं जिनिंगच्या भंगारातलं. गळ कापसाच्या गाठी बांधायच्या तारेचा, कानस मारून टोकदार केलेला. आणि आमिष म्हणून बेडूक, तोही घरचा. मशिनीच्या रोलचं जुनं चामडं कापून त्यानं बेडूक शिवला होता, पोटात रुई भरलेली, पाय सायकलच्या सीटच्या लाल रेक्झिनचे. तो बेडूक इतका हुबेहूब, की एकदा माझ्या टेबलावर ठेवला होता तर मांजर त्याच्यासमोर दुपारभर बसून होतं. दोरीचं एक टोक मिस्त्री पायाच्या अंगठ्याला बांधायचा आणि अंगठ्याच्या अलीकडची दोरी दातात धरायचा. मरळ खिडकीखाली आली की पाणी हलतं, पाणी हललं की दोरी थरथरते, आणि ते त्याला दातात ऐकू यायचं. मला दिसायच्या आधी.

हा खेळ वर्षातून एकदाच व्हायचा, हंगामाच्या मुहूर्ताच्या आदल्या सकाळी. मुहूर्ताला नारळ फुटायचा, भोंगा वाजायचा, पण त्याच्या आधी संध्याकाळी जिनिंगच्या आवारात मरळीचं कालवण शिजलंच पाहिजे. मरळ नाही तर मशीन नाही. मालक शुद्ध शाकाहारी. ते फाटकाबाहेर नाकाला रुमाल लावून उभे राहायचे आणि दर दहा मिनिटांनी विचारायचे, "झालं का रे तुमचं?" पण एकाही वर्षी त्यांनी नको म्हटलं नाही.

मग ती वर्षं आली. कापसाची ती वर्षं तुम्हीही पाहिली असतील. बोंडात अळी आणि बाजारात भाव नाही. पानठेल्यावर कापसाचं नाव निघालं की माणसं दुसरीकडे पाहायची. माझ्या काट्यावर दिवसच्या दिवस चिमण्या बसायच्या, आणि त्यांचं वजन काही भरत नव्हतं. आदल्या वर्षी जिनिंग अर्ध्या हंगामातच बंद झाली होती. या वर्षी मालकांनी मिस्त्रीला बोलावलं. शब्द माझ्या समोरचे आहेत.

"मिस्त्री, चोवीस चालवाची सोय नाही. आठ चालवू. कोनत्या आठ, ते तुमी मुहूर्ताले ऐकून सांगा. तुमी म्हनसान त्या." मग जरा थांबून, खालच्या मानेनं म्हणाले, "ऐकू येत असन तर. नसन येत तर अमरावतीचा मेकॅनिक बोलावतो. दोघाले ठेवनं मले जमत नाही."

मिस्त्रीनं त्यांचे ओठ वाचले. मशिनीत राहून सगळ्यांना ओठ वाचता यायचे. "मालक," तो ओरडला, "हा दात हाय तवरक मी हाय."

तर आता खाटेवर परत या. तो हाच दात, हीच दोरी, आणि उद्या मुहूर्त.

"आली," मिस्त्री म्हणाला. दातात दोरी असल्यामुळे ते "आई" असं ऐकू आलं. खिडकीतलं पाणी आतून फुगलं. एक काळं, सापासारखं डोकं वर आलं, हवेचा घोट घेतला, जाता जाता चामड्याच्या बेडकाकडे पाहिलं आणि तो गिळला.

मरळ पाच किलोची होती. कोणी फारच हटकलं तर मी साडेतीनवर येतो. तिनं जो हिसका दिला त्यानं खाट अर्धी फिरली, मी सुतळीला लोंबकळलो, मिस्त्रीचा पाय कंबरेपर्यंत खिडकीत गेला. पण अंगठ्याची गाठ पक्की होती. दोघांनी मिळून मरळ ओढली, खाटेवर घेतली, मी तिच्यावर चक्क बसलो. "मिस्त्री, झालं काम," मी हसत म्हणालो.

तो तोंडावर हात ठेवून बसला होता. बोटांतून थोडं रक्त येत होतं.

आम्ही खाट शोधली, सुतळीच्या पेडापेडात पाहिलं, मरळीच्या तोंडात पाहिलं. दात तळ्यात गेला. त्या तळ्यात आजही एक तरी मरळ अशी असेल, जिला सगळं ऐकू येतं.

"बाबू," मिस्त्री म्हणाला. इतक्या वर्षांत त्याचा इतका हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "आता?"

मालक त्या दिवशी पुसदला गेलेले. दुपारी मिस्त्रीनं शेडमध्ये नेऊन माझ्या हातात पेचकस दिला. एक चांगली मशीन चालू केली, टोक टेकवलं, मूठ माझ्या दातात दिली. माझी कवटी हार्मोनियमसारखी वाजायला लागली. त्यानं ओठांनी विचारलं, "काय चाव्‌न राह्यला?"

"काय म्हंजे?"

"भात, चने का वाळू? मऊ भात लागला तं मशीन चांगली. चने फुटल्यासारखं लागलं तं बेअरिंग गेलं. वाळू कचकचली तं गिरीस मांगते, बाकी ठीक."

मग दुसरी मशीन. मग तिसरी. संध्याकाळपर्यंत मी एवढा भात, एवढे चणे आणि एवढी वाळू चावली, की मरळीच्या कालवणाचा घास माझ्यानं चावला जाईना. मालक पुसदहून परतले होते, फाटकाबाहेर रुमाल लावून उभे होते. "झालं का रे तुमचं?" त्यांनी विचारलं. मिस्त्रीनं नुसती मान हलवली.

सकाळी नारळ फुटला. चोवीस मशिनी एकेक करून चालू करायच्या, ऐकायच्या आणि बंद करायच्या. रुई उडते म्हणून तोंडाला फडकं बांधायची शेडमध्ये रीतच होती, बोलताना तेवढं खाली ओढायचं. मिस्त्रीनं ते नाकापर्यंत बांधलं. तो पुढून पेचकस टेकवून डोळे मिटायचा, फडक्याच्या आत मूठ नुसती हिरड्याला लावायचा. मी मशिनीच्या मागे तेल पाहायच्या निमित्तानं बसलेलो, फडकं गळ्यात, माझा पेचकस माझ्या दातात. ऐकलं की डोकं वर काढून ओठांनी सांगायचो. भात. चणे. चणे. वाळू. मिस्त्री डोळे उघडून ओठ वाचायचा आणि चालवायच्या मशिनीवर खडूनं खूण करायचा.

दहाव्या मशिनीला मालक माझ्याकडे वळले. कानाशी येऊन म्हणाले, "बाबू, सकाळपासून भात भात करून राह्यला. जेवला नाही काय?"

"उपास हाय, मालक," मी म्हणालो. वार मंगळवार होता म्हणून निभावलं.

सतराव्या मशिनीला माझं डोकं चालेना. भात होता, चांगला मऊ, पण मधूनच एक कच्. पुन्हा भात. पुन्हा कच्. मिस्त्री माझ्याकडे पाहत होता. हातातला खडू थांबलेला. सात खुणा झालेल्या. पुढच्या सात मशिनींची हालत आदल्या हंगामापासूनच अशी, की त्यांनी चणेच काय, आख्खा किराणा खाल्ला असता. हीच आठवी, नाहीतर कोणतीच नाही. मी ओठांनी म्हणालो, "भातात खडा."

मिस्त्रीचे डोळे फडक्याच्या वर हसले. भातातला खडा काढून टाकता येतो. त्यानं सतरावर मोठी खूण केली.

त्या आठ मशिनी होळीपर्यंत चालल्या. सतरा नंबर सगळ्यात चांगली. रोज सकाळी मी काट्यावर जायच्या आधी शेडमध्ये जाऊन थोडा भात चावून यायचो. हे आमच्या दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मिस्त्रीचा आवाज आठवड्यात परत आला, दात नसल्यामुळे त्यात फुंकर मिसळली एवढंच. चाची म्हणाली, "अब तो सब सुनना बंद. अब मेरी बारी."

पुढच्या वर्षी जिनिंग उघडलीच नाही. आम्ही मरळ धरली होती, तरी उघडली नाही. मशिनी भंगारात गेल्या. मिस्त्री आणि चाची उमरखेडला लेकीकडे राहायला गेले. जाताना त्यानं चामड्याचा बेडूक माझ्या टेबलावर ठेवला आणि सगळ्या महागावला ऐकू जाईल असं म्हणाला, "संभाळून ठेव, कोनाले सांगू नको." दोन हिवाळ्यांनी तो गेल्याचा निरोप आला.

मातीला जाऊन आल्यावर मी मालकांकडे गेलो. ते आता घरीच असायचे, ओसरीत खुर्ची टाकून. त्यांच्या हातात मी बेडूक दिला आणि काय वाटलं कोण जाणे, सगळी गोष्ट सांगून टाकली. दात, तळं, दोन पेचकस, भात, चणे, वाळू. मरळ त्या दिवशी सात किलोची झाली. शेवटी मी म्हणालो, "मालक, आमी तुमाले फसवलं. तुमाले पत्ता लागू देल्ला नाही."

मालकांनी बेडकाचा एक रेक्झिनचा पाय सरळ केला.

"आदल्या सांजेलेच समजलं होतं," ते म्हणाले. "मिस्त्री ओरडला नाही."