प्रतिबिंबाची पातळी

नकाशाच्या वरच्या अर्ध्या भागात इमारत सुलटी होती आणि खालच्या अर्ध्या भागात उलटी. मला वाटलं, छापताना काहीतरी गडबड झाली असावी. मी मुंबईला मुख्य वास्तुकारांच्या ऑफिसात फोन करून तसं कळवलं. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "खालचं प्रतिबिंब आहे. तेही प्रकल्पातच धरलंय."

तेव्हा मला तुमसरात वास्तुकार म्हणून वीस वर्षं झाली होती. किराणा दुकानाच्या वर माझं ऑफिस. माझ्या खात्यावर दोन राईस मिल, लग्नाची पाच-सहा लॉन आणि दर्शनी भागावर सिंह बसवलेली पुष्कळ घरं जमा होती. सिंहांबद्दल माझं मत कोणी विचारलं नव्हतं. घरी मात्र मी युरोपातल्या कलादालनांची जाडजूड पुस्तकं चाळत बसायचो आणि आपल्यालाही एक कोरी पांढरी भिंत बांधायला मिळावी असं मनात म्हणायचो. माणसाने मनात काय म्हणावं याला काही मर्यादा असावी.

सिहोऱ्यापलीकडे, बपेऱ्याच्या वाटेवरच्या एका गावात जन्मलेले आणि लहानपणीच ते सोडून गेलेले एक उद्योगपती होते. त्यांना आपल्या गावासाठी काहीतरी करावंसं वाटू लागलं. गावाने रस्ता मागितला. त्यांच्या न्यासाने आधुनिक कलेचं संग्रहालय दिलं. त्यासाठी जे वास्तुकार नेमले ते देशातच नव्हे तर बाहेरही कलादालनंच बांधत. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. त्यांचा स्थानिक सहायक म्हणून मी.

सर पहिल्यांदा आले ते श्रावणात. गावचा तलाव काठोकाठ भरून सांडव्यावरून वाहत होता. काळा कुडता घातलेले सर पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, पाऊण तास उभे राहिले. त्यांच्यामागे न्यासाचे लोक, त्यांच्यामागे ग्रामपंचायत, असे सगळेच गप्प उभे होतो. मग सर म्हणाले, "इथे थांबू या." आम्ही थांबलेलोच होतो, त्यामुळे पुढे काय करावं कोणाला कळेना. न्यासाच्या माणसाने घाईघाईने वहीत लिहिलं: जागा निश्चित.

मग सरांनी पाण्याच्या कडेचा एक दगड दाखवला आणि मला म्हणाले, "ही पातळी नोंदवून ठेवा. सगळी इमारत या रेषेवरून ठरेल." मी लाल रंगाने खूण केली. 

ती खूण करताना मला एक गोष्ट पक्की माहीत होती. हा तलाव पाहण्यासाठी नाही, धानासाठी आहे. भारी, म्हणजे उशिरा पिकणारं, धान लोंबीत येतं तेव्हा याचं पाणी सोडतात आणि दिवाळीनंतर ती लाल खूण काठाच्या चिखलात कोरडी उभी राहणार. हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. पण त्याच क्षणी सर म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे." वीस वर्षांत माझ्या हाताबद्दल कोणी बोललं नव्हतं. मी गप्प बसलो.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत इमारत उभी राहिली. पाळीच्या कुशीत लांबलचक, पांढरी, खिडकी नसलेली भिंत. गावाने ती काही काळ धानाचं गोदाम मानली, मग शीतगृह, मग कोणाचं तरी स्मारक. एकदा सरपंचबाई कमरेवर हात ठेवून भिंतीकडे पाहत उभ्या होत्या.

"अंदर का ठेवनार आहेत?"

"चित्रं, बाई."

"कोनाचे?"

"ते अजून ठरलं नाही."

"मंग इतल्या घाईनं कायले बांधून राहिले?"

हा प्रश्न मी बैठकीच्या टिपणात घातला होता. अंतिम टिपणातून तो गळला.

त्या वर्षी पाऊस लवकर उठला. हस्त कोरडा गेला. तलाव मात्र खुणेपर्यंत भरलेला होता, कारण पाणकराने अजून तुडूम उघडला नव्हता. तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातलं दगडी दार, त्यातून पाणी शेताकडे सुटतं. ते कधी उघडायचं, कोणाच्या बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेताला, किती वेळ द्यायचं, हे ठरवणारा माणूस पाणकर. त्याच्या शब्दावर गावात कोणी वाद घालत नाही, कारण रीत अशी की पाणकराने स्वतःच्या बांधीला सगळ्यांत शेवटी पाणी घ्यायचं. आमचा पाणकर साठीचा, सडपातळ, खांद्यावर कायम टॉवेल. मी त्याला काकाजी म्हणायचो. त्याची एकच बांधी होती आणि ती पाटाच्या अगदी शेपटाला होती.

सोमवारी तुडूम उघडायचा असं त्याने ठरवलं. शनिवारी न्यासाचं पत्र आलं. उद्घाटन अकरा दिवसांवर होतं आणि 'प्रतिबिंबाच्या अखंडतेसाठी' तोपर्यंत पाणी सोडू नये अशी विनंती होती. खाली स्थानिक वास्तुकार म्हणून माझं नाव होतं. मी ते पत्र पाळीवर उभं राहून काकाजीला आणि सरपंचबाईंना वाचून दाखवलं. 

"थे अखंडता का असते, भाऊ?" काकाजीने विचारलं.

"पाण्यात भिंत पूर्ण दिसली पाहिजे."

"आनं धान?"

"धानाबद्दल पत्रात काही नाही."

काकाजी रागावला नाही. एखाद्या आजारी माणसाला समजवावं तसं तो म्हणाला, "अकरा दिवस नाई थांबत धान. आता दूध भरून राहिलं लोंबीत. सोमवारपासून धरून चार दिवस काढते कसेतरी. पाचव्या दिवशी लोंबी दिसते, दाना नाई राह्यत."

तेवढ्यात पाण्यात गळ टाकून मासे धरत बसलेला एक ढिवर उठून जवळ आला. "मी म्हनतो, राहू द्या ना पानी. कला म्हनजे चांगलीच गोष्ट आहे."

"तुले कलेचा पुळका कवापासून आला गा?" सरपंचबाई म्हणाल्या. "मासोळ्याचं बोल."

"मासोळीबी पान्यातच राह्यते, कलाबी पान्यातच. मी कोठी वेगळं बोलून राहिलो?"

संपूर्ण प्रकल्पात त्या भिंतीची बाजू घेणारा गावातला तो एकमेव माणूस. मी त्याचे आभार मानले.

तोड सरपंचबाईंनीच काढली. फोटोच पाहिजे ना? मग फोटोवाल्याला लवकर बोलवा, फोटो झाला की तुडूम उघडू. मी सरांना फोन केला.  ते म्हणाले, "ठीक. उद्घाटनाला पाणी नसेल तर तेच छायाचित्र मोठं करून आत लावू." म्हणजे संग्रहालयातली पहिली कलाकृती संग्रहालयाचाच फोटो असणार होती. मला यात काही वावगं वाटलं नाही. चौदा महिन्यांत मी इतका पुढे आलो होतो.

सोमवारी सर आले, छायाचित्रकार आले. वाराही आला. पाण्यावर बारीक लाटा उठल्या आणि भिंतीचं प्रतिबिंब वाळत घातलेल्या धोतरासारखं हलू लागलं. छायाचित्रकार म्हणाले, आज नाही.

मंगळवारी वारा कमी होता, पण म्हशी उतरल्या. बुधवारी सकाळपासून शेतकऱ्यांनी तलावाचा ताबा घेतला. एवढ्या लोकांनी एखाद्या कलाकृतीसाठी इतकं झटलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. दोघे म्हशी अडवून उभे राहिले. एकाने पाणकोंबड्यांना हुसकावलं. पलीकडच्या घाटावर धुणं आपटणाऱ्या बायकांना हात जोडून थांबवलं. बारशाच्या घरी वाजणारा भोंगा बंद करवला, तेव्हा कोणीतरी म्हणालं, भोंग्यानं पाणी कुठं हलते? त्याला बाकीच्यांनी गप्प केलं. धोका कोणालाच पत्करायचा नव्हता. पाळीवर तीस-चाळीस माणसं उकिडवी बसून प्रतिबिंबाकडे डोळे लावून होती आणि हळू आवाजात समीक्षा चालली होती.

"आता सरळ झाली पाहा."

"नाई गा, डावीकडं थोडी थरथर आहे."

"घ्या म्हना फोटो, डावीकडलं कोन पाहते?"

छायाचित्रकारांनी घेतला. पुन्हा घेतला. सर म्हणाले, "थांबा. प्रकाश अजून कोवळा झाला पाहिजे. पाणी विचार करतंय."

पाळीवरून आवाज आला, "सर, पानी विचार करून राहिलं, धान मरून राहिलं."

सरांना भाषा नीट कळली नसावी. त्यांनी त्या दिशेला पाहून मान डोलावली.

चार वाजले. पाच वाजायला आले. काकाजी तुडुमाजवळच्या पायरीवर तिसऱ्या दिवशीही तसाच उभा होता. त्याने सरांना काही विचारलं नाही. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, तुम्ही सांगा. उघडू का नको?"

मला वाटतं, मी जाणूनबुजून गप्प बसलो होतो हे त्याला माहीत होतं. खूण मी केली होती, पत्राखाली नाव माझं होतं, आणि या माणसांत धानाच्या गावचा असूनही काळ्या कुडत्याच्या बाजूला उभा असलेला मी एकटाच होतो. मी सरांजवळ गेलो.

"सर, ही पातळी श्रावणातली आहे. कार्तिकात तलाव असा नसतोच. खूण केली त्या दिवशीही मला हे माहीत होतं. मी बोललो नाही."

सरांनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिलं असेल. मला वाटलं, आता स्फोट होणार. पण ते अगदी सहज म्हणाले, "मलाही दिसलं होतं. दगडांवर खाली जुन्या पाण्याच्या रेषा होत्या. मला वाटलं, इथे काहीतरी व्यवस्था असेल."

व्यवस्था होती. ती खांद्यावर टॉवेल टाकून तुडुमाजवळ उभी होती.

"उघडा, काकाजी," मी ओरडलो. इतक्या दिवसांच्या शांततेनंतर माझाच आवाज मला मोठा वाटला आणि पाणकोंबड्या उडाल्या. काकाजीने टॉवेल डोक्याला गुंडाळला, कमरेपर्यंत पाण्यात उतरला आणि तुडुमाचं तोंड बंद करणारा लाकडी खुट्टा हलवू लागला. खुट्टा चिखलाने धरला होता. दोघेजण मदतीला उतरले. पाळीच्या पोटात आधी गुळण्या भरल्यासारखा आवाज झाला, मग पाटाकडून पाण्याचा आवाज आला, आणि उकिडवी बसलेली सगळी माणसं फावडी घेऊन त्या दिशेला पळाली. एका मिनिटात पाळीवर कलेचे प्रेक्षक म्हणून आम्ही तिघेच उरलो. छायाचित्रकार खटाखट बटण दाबत होते. पुढे निवडला गेला तो फोटो याच वेळचा, असं मला नंतर कळलं.

पाणी वरून खाली जातं आणि प्रत्येक बांधी आपलं पोट भरून पुढे सोडते. शेपटाला ते शुक्रवारी दुपारी पोचलं. मी तेव्हा तिथे होतो. काकाजीने बांधीच्या काठच्या मातीच्या धुऱ्याला फावड्याने तोंड पाडलं. पाणी भेगांत शिरलं आणि बराच वेळ नुसतं शिरतच राहिलं. बांधी ओली व्हायला संध्याकाळ झाली. तो पाचवा दिवस होता.

उद्घाटन थाटात झालं. भिंतीपुढे वीतभर पाणी आणि पुढे चिखल होता. सरांनी भाषणात त्या चिखलाला 'स्मृतीची जमीन' म्हटलं आणि टाळ्या पडल्या. पाहुणे आत गेले. कोऱ्या पांढऱ्या दालनात एकच चित्र होतं, भिंतीएवढं: भिंत आणि तिचं प्रतिबिंब, काठोकाठ पाणी. गावकऱ्यांना नंतर सोडलं. ते आले, फोटोत आपलं घर दिसतं का पाहून गेले. 

काकाजी मात्र फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. न्यासाच्या एक पाहुण्या बाई कौतुकाने त्याच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "बाबा, तुम्हाला यात काय दिसतं?"

"पानी," काकाजी म्हणाला.

बाईंनी डोळे मिटून मान हलवली आणि हे सांगायला त्या सरांकडे गेल्या.

मी जवळ गेलो. बांधीचं विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून नुसता उभा राहिलो. त्याने खिशातून एक लोंबी काढली, तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. फोलपटं दालनाच्या गुळगुळीत जमिनीवर दूरपर्यंत उडत गेली. हातावर थोडेसे दाणे राहिले. ते त्याने मला मोजायला दिले नाहीत, तोंडात टाकले.

"वरच्यायचा दाना भरला," चावता चावता तो म्हणाला. "चांगला भरला."

दाराशी उभा असलेला पहारेकरी धावत आला आणि जमिनीवरची फोलपटं पाहून कोणावर ओरडावं याचा विचार करू लागला. मी खाली बसलो आणि ती हाताने गोळा करू लागलो. ती फार हलकी होती. हात नेला की पुढे सरकायची.