बंदी आल्यानंतरच्या गोळ्या

जव्हारला अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका असताना मी सात-आठ महिने वजन कमी करण्याच्या गोळ्या घेतल्या. नाशिकच्या नणंदेने आणून दिल्या होत्या. ती स्वतःही घ्यायची. पाड्यांवर जाऊन लेकरांना वजनकाट्याच्या झोळीत बसवायचं, वजन भरलं नाही की आयांना रागवायचं आणि स्वतःचा डबा न उघडता घरी परत आणायचा, असं चाललं होतं. भूकच मेली होती. छातीत मात्र सारखी धडधड. नवरा चारचौघांत कौतुकाने सांगायचा, "हिने बघा कसं मनावर घेतलं." गोळ्यांचं त्याला ठाऊक नव्हतं.

एका सकाळी पेपरात वाचलं की त्या औषधाने हृदयविकाराचा, पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून त्यावर बंदी आली. नणंदेला फोन केला.

"वहिनी, पेपरवाले काहीही लिहितात. माझ्याकडे दोन पाकिटं आहेत, पाठवू?"

"पाठव," मी म्हणाले.

गोळी चुकवली की भूक अशी खवळायची, उभ्याउभ्या सकाळच्या चपात्या संपवायचे. घेतली की जीव घाबरा व्हायचा. दवाखान्यात जावं, तर तिथले डॉक्टर दर महिन्याला माझ्याबरोबर कुपोषणाच्या बैठकीला बसणारे. त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

उन्हाळ्यात सूर्यमाळजवळ एका पाड्याचा चढ चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पाण्याला निघालेल्या एका बाईने हंडा खाली ठेवून मला धरलं. तिची मुलगी माझ्या यादीत सगळ्यात कमी वजनाची. तिने मला ओट्यावर बसवलं, नागलीची आंबील पुढे केली. मी नको म्हणाले.

"खा बाय. पोरीला चार वेळा भरव, असं आमाला सांगतेस. तुला कोन सांगतं?"

"मी गोळी खाते," माझ्या तोंडून निघून गेलं. "बारीक व्हायला."

तिला आधी कळेना. मी पुन्हा सांगितलं. ती हसली नाही.

"मंग नको खाऊ," एवढंच म्हणाली आणि वाटी माझ्या हातात दिली.

त्याच दुपारी डॉक्टरांना सगळं सांगितलं. कार्डिओग्राम काढताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, याचं मला बरंच वाटलं. त्या गोळ्या सुटल्या, रक्तदाबाची गोळी मात्र कायमची मागे लागली. वर्षभरात वजन होतं तिथे आलं. नणंदेने सोडल्या की नाही, ठाऊक नाही. विचारलं की ती विषय बदलते.