पहिल्या रविवारचा हंडा

महिन्याच्या पहिल्या रविवारी आत्या पांढरं पातळ नेसून देवळात यायची आणि प्रभुभोजनाच्या आधी उठून जायची. चर्चला आमच्या घरात देऊळच म्हणत. उपदेश संपला आणि पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाच्या मेजावरच्या भाकरीवरचं फडकं उचललं की आत्या पदर सावरत मागच्या दाराने बाहेर पडे. घरी येऊन पातळाची घडी ट्रंकेत ठेवी आणि म्हणे, "पुढल्या महिन्यात."

कारण चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याचं नळावर भांडण झालेलं असे.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. वडील कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होते आणि आम्ही रेल्वेच्या चाळीत राहत होतो. आत्या त्यांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर नगर जिल्ह्यातल्या गावाहून ती आमच्याकडे आली. नवऱ्याच्या शेवटच्या आजारात तिथल्या पाळकांनी घरी येऊन दोघांना प्रभुभोजन दिलं होतं. त्यानंतर तिने ते घेतलं नव्हतं. पुन्हा घ्यायचं ते मन स्वच्छ करून, असं तिने ठरवलं होतं, आणि मन स्वच्छ होण्याच्या आड चाळीचा नळ येत होता.

नळाला पाणी सकाळी थोडा वेळ यायचं. आत्या अंधारात उठून आपला घासलेला तांब्याचा हंडा नळाखाली ठेवून यायची. शेजारच्या काकू रत्नागिरीकडच्या. त्यांची बादली नंतर येई, पण पाणी आलं की ती हंड्याच्या पुढे असे.

"बादली काय पाय फुटून पुढं आली व्हय?" आत्या विचारी.

"आली असेल गो आक्का. तुझ्या हंड्याला भेटायला आली."

इथून सुरुवात होई. शेवट होईपर्यंत नळ गेलेला असे.

पाळकसाहेबांचा उपदेश आत्याला पाठ होता. माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, कर्मांनी नाही; तारण हे दान आहे, मजुरी नाही. देवळातल्या नव्या बायकांना ती हे स्वतः समजावून सांगायची, आणि चांगलं समजावायची. वडिलांनी एकदा तिला याची आठवण करून दिली.

"ते खरंच हाय," आत्या म्हणाली. "पण म्हणून भांडून मेजापाशी जायचं का?"

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तिने जाहीर केलं, की हा महिना ती एकदाही भांडणार नाही. वडिलांनी सोपा उपाय काढला.

"आक्का, तू नळावर जाऊच नकोस. पाणी मी भरतो."

"मग त्यात माझं काय? भांडायची सोय असून भांडले न्हाई, तर ते खरं."

ती नळावर जात राहिली. जाताना गालात सुपारीचं मोठं खांड धरायची. बादली पुढे सरके, आत्याचा गाल फुगे, शब्द बाहेर येत नसे. काही दिवसांनी काकूच घाबरल्या. आमच्या दाराशी येऊन त्यांनी आईला विचारलं, "वहिनी, आक्कांना बरं नाही का हो? चार दिवस झाले, मला एक शिवी नाही."

आईने कारण सांगितलं. काकूंनी ते आमच्यापेक्षा गंभीरपणे घेतलं. त्यांच्या घरात उपासतापास फार. "म्हणजे हा तोंडाचा उपास," त्या म्हणाल्या. "मोडायला नको हो." दुसऱ्या दिवसापासून त्यांची बादली रांगेत सर्वांत मागे दिसू लागली. आत्याच्या जवळपास कुणी चढा आवाज काढला तर काकू डोळे वटारत. नळावरच्या बायका कंटाळून गेल्या. "कधी आहे तो रविवार एकदाचा?" असं त्या आईला विचारत.

रविवार उद्यावर आला. शनिवारी पहाटे काकूंना वाटलं, शेवटच्या दिवशी उगाच धोका कशाला? आत्या उठायच्या आत त्यांनी आमच्या दारातला हंडा उचलला, नळ येताच भरला आणि कडेवर घेऊन दारात आणून ठेवला. आत्या दार उघडते तर समोर भरलेला हंडा, शेजारी काकू, हसत.

आत्याने गालातली सुपारी थुंकली.

"माझ्या हंड्याला हात लावायला कुणी सांगितलं तुम्हाला? माझे हात मोडलेत? कुणाचं फुकटचं पाणी नको मला!"

महिनाभराचं साचलेलं होतं. सगळी चाळ दारांत आली. काकू काही न बोलता आत गेल्या, आणि हेच आत्याला सर्वांत जास्त लागलं. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं पातळ तिने काढून घडी केलं आणि ट्रंकेत ठेवलं.

संध्याकाळी पाळकसाहेब घरभेटीला आले.

"सलाम, आक्का. उद्या दिसणार ना मेजापाशी?"

"न्हाई."

तिने सगळी हकिगत सांगितली, स्वतःची बाजू न घेता. पाळकसाहेब ऐकत होते. मग ते हसू लागले. चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतके हसले.

"हसायला काय झालं, पाळकसाहेब?"

"कुणी तुमचं काही घेतलं म्हणून नाही, दिलं म्हणून भांडलात हो तुम्ही!"

आत्या म्हणाली, "आमच्या गावात विहिरीवर चढायची आम्हाला बंदी. हंडा खाली ठेवून बसायचं. कुणाच्या मनात आलं तर वरून ओतायचं. या चाळीत आले तवाच ठरवलं, पाणी माझं मी भरीन."

पाळकसाहेबांचं हसू थांबलं. त्यांचं गावही तिकडचंच होतं आणि त्या विहिरी त्यांना माहीत होत्या.

"या बाईंनी वरून ओतलं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाई. कडेवर घेऊन आली. सगळं लुगडं भिजलं होतं तिचं."

आईने चहा आणला. साखर रेशनवर होती, म्हणून गुळाचा. आत्याने बशीत ओतून घोट घेतला.

"वहिनी, हा चहा कुठल्या पाण्याचा?" पाळकसाहेबांनी आईला विचारलं.

"त्याच हंड्यातलं पाणी. आज दुसरं भरलंच नाही."

आत्याची बशी हातातच राहिली.

"सकाळी भांडलात आणि संध्याकाळी पिताय," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्ही भांडलात म्हणून त्यांनी पाणी परत नेलं नाही ना?"

"ती कशाला नेईल?"

"झालं तर मग. मी दर वेळी एवढा मोठा उपदेश करतो, तो इतकाच आहे."

"पण मी उद्याबी भांडेन," आत्या म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "माझं मला ठाऊक हाय."

"भांडाल की. मेज हे चांगल्या वागणुकीचं बक्षीस असतं, तर फडकं उचलून मीसुद्धा मागच्या दारानं गेलो असतो. आज सकाळीच पाळकबाईंशी वाजलंय माझं."

"कशावरनं?" आत्याने लगेच विचारलं.

"इस्त्रीवरून."

आत्या हसली. मग तिने बशीतला चहा संपवला.

रविवारी सकाळी पातळ ट्रंकेतून पुन्हा बाहेर आलं. पाळकसाहेबांनी फडकं उचललं तेव्हा आईने नकळत मागच्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. आत्या पुढे गेली, गुडघे टेकले, दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे केले. परत जागेवर येताना ती रडत होती आणि हसतही होती, आणि शेवटचं गीत तिने इतक्या मोठ्याने म्हटलं की पेटी वाजवणाऱ्याने मान वळवून पाहिलं.

बाहेर गुलमोहोराखाली भाजीची पिशवी घेऊन काकू उभ्या होत्या. देवळाच्या आवारात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

"काय गो आक्का, मिळालं का?"

"मिळालं."

"सुटले बाई! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. म्हटलं, माझ्या पायी हिचा उपास मोडला."

"उपास मोडलाच," आत्या म्हणाली. "तरी मिळालं."

काकूंनी याचा थोडा विचार केला. "बरा आहे गो तुमचा देव," त्या म्हणाल्या. "मग आता बादली पुढे ठेवू ना?"

"ठेवा तर खरं!"

सोमवारी बादली पुढे होती. नळावरच्या बायकांनी कामं थांबवून ते भांडण ऐकलं.

पुढल्या महिन्यात, पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी पुन्हा वाजलं. संध्याकाळी आत्या आपण होऊन काकूंकडे गेली. बराच वेळ दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. परत आली ती घावनांचं ताट घेऊन. आम्ही सगळ्यांनी ती खाल्ली. आत्याने ताट घासलं, पुसलं आणि परत द्यायला निघाली.

"अहो वन्सं, रिकामं कसं देता?" आई म्हणाली. "थांबा, निदान गुळाचा खडा तरी ठेवते."

"नको," आत्या म्हणाली. "तसंच देते."