आधी मला तपास

माझी आत्या जमिनीवर बहिरी आहे. हाका मारून घसा कोरडा पडला तरी तिला पत्ता नसतो. वर आम्हालाच ऐकवते, "पाण्यात कुणालाच ऐकू येत नाही, तिथे आम्ही सगळे सारखे." चाळिशीनंतर डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलं, तर ही बया थेट समुद्राच्या तळाशी जाऊन बसली. घरचे म्हणाले, म्हातारचळ लागला. तिने ऐकलं नाही, आणि तेव्हा तर तिचे कान चांगले होते.

तेव्हापासून ती नवख्यांना पाण्याखाली नेते. न्हाणीघराच्या दारावर तिचा ओला रबरी पोशाख कायम लोंबत असतो आणि आतोबा बिचारे रोज त्याच्याखालून वाकून आंघोळीला जातात. डायव्हिंगच्या दुकानाचा मालकसुद्धा तिचाच विद्यार्थी. पहिल्या बुडीला तिच्या दंडाला जळवेसारखा चिकटला होता. आता तोच म्हणत होता, "बाई, आजची बुडी शेवटची. उद्यापासून काउंटरवर बसा."

कारण वयाचं सांगत होता, पण त्याचं खरं दुखणं म्हणजे आत्याची रीत. पाण्यात उतरण्याआधी गुरू शिष्याचं सामान तपासतो, ते सगळीकडेच चालतं. आत्या मात्र नवख्यालाच सांगते, "आधी मला तपास." नवखा चाचपडतो, बोट खोळंबते आणि मालक चडफडतो. "गुरूची झडती शिष्याने घ्यायची? जगात कुठे बघितलंय?"

त्या सकाळी बोट मी चालवत होते. मालक मुद्दाम सोबत आला होता. नवखे दोघंच होते, अंगाने आडवा पण मनाने ससा असा एक बेकरीवाला आणि त्याला ओढून आणणारी त्याची मेहुणी. बेकरीवाल्याने आत्याचे पट्टे ओढून बघितले, बक्कल दाबून बघितलं. मग आत्या नळीतून श्वास घ्यायला लागली आणि तो हवेच्या मीटरकडे टक लावून बसला.

"बाई, तुम्ही श्वास घेतला की काटा खाली पडतोय."

मालक पुढे झाला. सिलिंडरचा व्हॉल्व्ह जेमतेम उघडलेला होता. जुन्या लोकांना तो पुरता उघडून किंचित मागे फिरवायची सवय असते. आत्याने आधीच उघडा असलेला व्हॉल्व्ह उलटा फिरवून बंद केला होता आणि मग त्याच सवयीने किंचित मागे फिरवून जेमतेम उघडला होता. असा व्हॉल्व्ह वर असेपर्यंत फसवतो, खोल गेल्यावर मात्र ओढूनही हवा येत नाही. संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

"साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही, बाई," मालक म्हणाला. त्याला बोटीवरून ढकलून द्यावंसं वाटलं मला.

आत्याने त्याचे ओठ नीट वाचले. व्हॉल्व्ह पुरता उघडून घेतला आणि बेकरीवाल्याच्या पाठीवर दणकन थाप मारली.

"चुकले मी!" ती म्हणाली. बहिऱ्या माणसाचा आवाज, शेजारच्या बोटीलाही ऐकू गेला असेल. "आणि याने पकडलं. म्हणून तर तपासायचं. तुझी चूक कोण पकडतं रे?"

"माझी होत नाही." मालकाने पोशाखाची चेन वर ओढून सिलिंडर पाठीवर चढवला. "चला, तुम्ही दोघं माझ्याबरोबर उतरा."

बेकरीवाल्याने त्याच्या मीटरकडे हात नेला. "थांबा, आधी तुमचा काटा बघतो."

मालकाने हात झटकला. "मला नाही लागत."

बेकरीवाला उठला आणि आत्याच्या शेजारी जाऊन बसला. "मग मी बाईंबरोबरच." मेहुणी तर तिथून हललीच नव्हती.

मालकाचा चेहरा पडला. "बाई, काउंटरचं ठरलंय आपलं."

"तुझं ठरलंय. तिथे माणूस हवा असेल तर तू बस," आत्या म्हणाली. "तिथे तुला कुणी तपासणार नाही."

आणि मास्क हाताने दाबून धरून ती पाठमोरी पाण्यात पडली. तिच्या मागोमाग, डोळे घट्ट मिटून, बेकरीवालाही.