ओटीतले पाच दाणे

या पानावरचे गूढ अनुभव मी लंच ब्रेकमध्ये वाचते आणि निम्म्यात ‘काहीतरीच!’ म्हणून फोन पालथा घालते. खोटं कशाला बोलू? माझं कामच तसं आहे. व्हर्जिनियात, हर्नडनला, एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टिंग बघते. प्रोग्रॅममधला जो बग, म्हणजे चूक, दुसऱ्यांदा घडवून दाखवता येत नाही तो मी बंद करते, मग सांगणारा कितीही शपथा घेऊ दे. आता स्वतःच तसला बग घेऊन तुमच्यापुढे यायचं म्हणजे... असो. पण मी भीतीपोटी लिहायला बसलेली नाही. मला राग आलाय.

रागाची सुरुवात इटलीत नाही, इथेच झाली. संदीपला, माझ्या नवऱ्याला, जाऊन दीड वर्ष झालं होतं. मागच्या वर्षीच्या जानेवारीत जवळच अ‍ॅशबर्नला एका क्लबहाउसमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तीसेक बायका. सगळ्या शिकलेल्या, त्यात एक हार्टची डॉक्टर. माझी इथली जुनी मैत्रीण शिल्पा तबक घेऊन ओळीने येत होती. मी सवयीने मान पुढे केली. तिने माझ्या उजवीकडच्या बाईला कुंकू लावलं, मग एक पाऊल जरा लांब टाकलं आणि डावीकडच्या बाईला लावलं. इतकं सफाईने, की जणू मधे खुर्चीच नव्हती! वर मला तिळगूळ देताना गोड आवाजात, “अनघा, जेवलीस ना गं नीट?”

वाण म्हणून प्लास्टिकचा डबा मात्र मलाही मिळाला. डब्याला सौभाग्य लागत नसावं.

घरी येऊन मेघनाला फोन केला. मेघना दुसऱ्या राज्यात, शॉमबर्गला असते. एमएस करताना आम्ही एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर इटलीचा नकाशा लावला होता, कधीतरी पाठीवर सॅक टाकून जायचं म्हणून. मग नोकऱ्या, लग्नं, मुलं. सगळं ऐकून ती म्हणाली, “गाढवं आहेत यार सगळी! सुटी टाक. सप्टेंबरमध्ये इटलीला जातोय आपण. आणि विशीत ठरवलं होतं तस्संच. हॉटेल नाही, हॉस्टेल!”

पंचेचाळिशीत हॉस्टेल ही काय चीज असते ते मिलानला कळलं. मला वरचा बंक. शिडी चढताना गुडघा असा वाजला की खालची जर्मन मुलगी उठून बसली. मेघनाचा चिकटपणा तर विचारू नका. फास्ट ट्रेन नाही, प्रत्येक खांबाला थांबणारी गाडी. पाणी सार्वजनिक नळाचं. बर्गामोच्या चौकात, समोर लोक काय सुंदर सुंदर खात असताना, आम्ही पायरीवर बसून मेतकूट लावलेला ब्रेड खाल्ला. मी चिडले की ती म्हणायची, “यार, नकाशाखाली बसून हेच ठरवलं होतं आपण!” वेरोनाला पोचेपर्यंत मात्र मी हसायला लागले होते. संदीप गेल्यापासून पहिल्यांदाच.

मग डोंगर. ट्रेंटोहून छोटी गाडी वर दरीत जाते, दोन्ही बाजूंना सफरचंदाच्या बागा. पुढे बस. मेघनाने खालच्या गावातच उतरवलं... म्हणे वरचा रस्ता चालायला सुंदर आहे. सुंदर होता, पण उभा होता. वरच्या गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही. तीसएक घरं, एक चर्च, एक पाण्याचा दगडी हौद आणि पाओलो नावाच्या गृहस्थाचं गेस्टहाउस. दुपारचे साडेतीन वाजले होते. लख्ख ऊन. हे सांगते कारण लोकांना अंधार लागतो.

हौदाच्या वरच्या बाजूला एका घराच्या पायरीवर मी गुडघा धरून बसले. मागचं दार उघडलं. एक आजी. करड्या विणलेल्या स्वेटरमध्ये, बारीक, ताठ. तिने हाताने ‘आत या’ अशी खूण केली. मेघनाने तीन महिने अ‍ॅपवर शिकलेलं इटालियन पाजळलं, आजी काहीच बोलली नाही. आम्ही बूट बाहेर पायरीवर काढून आत गेलो. आपण काढतोच. इटलीत कोणी काढत नाही हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

आतमध्ये लाकडी टेबल, चूल, बाकडं. आजीने मला एका बुटक्या स्टुलावर बसवलं. मेघनाच्या हातात एक सफरचंद दिलं आणि तिच्याकडे पाठ केली. मग आतून एक घडी केलेलं पांढरं कापड आणलं, कडेला लाल दोऱ्याचं भरतकाम. ती ते घेऊन माझ्यापुढे उभी राहिली आणि बघत राहिली.

कसं सांगू? माझे हात आपोआप उठले. गळ्यातला स्टोल मी मांडीवर पसरला, दोन टोकं धरली. तिने आधी कापड ठेवलं. त्यावर एक अक्रोड. एक सफरचंद. मग डब्यातले तांदूळ, दोन्ही हातांच्या ओंजळीने... एकदा, दोनदा, तीनदा.

मेघना पुटपुटली, “अनघा, ही तुझी ओटी भरतेय.”

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. पण इथवर मी अजून टेस्टिंगवालीच होते हं. मनात म्हटलं, यांच्याकडेही अशी काही पद्धत असेल. पाहुण्याला धान्य कुठे देत नाहीत? मी उठायला गेले तर आजी हलेना. तिने टेबलावरचा मातीचा वाडगा उचलून माझ्यापुढे धरला. रिकामा. मला कळेना. मी हसले, ‘ग्रात्सिए’, धन्यवाद, म्हटलं. वाडगा तसाच.

आणि मग आठवलं. ओटी भरली की त्यातले चार-पाच दाणे परत टाकायचे असतात, भरणाऱ्या घराला काही कमी पडू नये म्हणून. दोन वर्षं कोणी ओटीच भरली नव्हती, मी विसरून गेले होते. ही विसरली नव्हती! मी पाच दाणे वाडग्यात टाकले. तिने मान हलवली, वाडगा टेबलावर ठेवला आणि दार उघडून धरलं.

बाहेर येऊन बूट घालताना मेघना म्हणाली, “मला फक्त सफरचंद? माझ्या गळ्यात मंगळसूत्र आहे यार, ढळढळीत!” आम्ही दोघी रडत होतो की हसत, मला आता सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला पाओलो नाश्त्याच्या टेबलाशी आला. चेहरा पडलेला. इंग्रजी चांगलं होतं त्याचं. म्हणाला, “काल दुपारी तुम्ही हौदावरच्या सिन्योरा इडाच्या घरात गेला होतात? शेजारणीने पायरीवर बुटांचे दोन जोड पाहिले. या गावात असं कोणी करत नाही.”

“हो, त्यांनीच तर बोलावलं.”

“इडा गावात नव्हती. परवा सकाळच्या बसने ट्रेंटोला लेकीकडे गेली, डोळ्याच्या ऑपरेशनला. मीच बॅग चढवली. आता अर्ध्या तासापूर्वी परत आली. दाराला कुलूप होतं. ती म्हणते, घरात कोणीतरी शिरलं. पोलिसांना बोलवू का विचारतेय.”

माझं डोकंच फिरलं. मी चोर? पंचवीस वर्षं परदेशात राहिले, सिग्नल तोडला नाही कधी! माझ्या ओटीवर चोरीचा आळ? मेघना म्हणत होती, “शांत हो, लॉयर...” तोवर मी कापड हातात घेऊन हौदापर्यंत पोचलेसुद्धा होते.

दारात तीच आजी. तोच करडा स्वेटर, तेच ताठ खांदे. फक्त डाव्या डोळ्यावर ऑपरेशनची पांढरी पट्टी. काल नव्हती. काल दोन्ही डोळ्यांनी बघत होती माझ्याकडे. आणि आज हिला आवाज होता, चांगला खणखणीत. पाओलोला भाषांतर करायला उसंत देत नव्हती. तांदळाचा डबा उघडा. स्टूल जागेवर नाही. आणि हे कापड! हे तिच्या लग्नातलं, आईने भरलेलं, साठ वर्षं पेटीत. कधी वापरलं नाही. तिने गळ्यातला दोरा ओढून किल्ली दाखवली. पेटीला कुलूप, किल्ली कायम गळ्यात, ट्रेंटोलासुद्धा.

“जुळी बहीण?” मेघनाने विचारलं.

“एकच भाऊ होता. तोही गेला,” पाओलो म्हणाला.

मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. टेबलावर तो मातीचा वाडगा होता. त्यात पाच दाणे.

मी कापड तिच्या हातात ठेवलं. आणि मग मला जे रडू आलं ते रागाचं होतं, शंभर टक्के रागाचं. मी मराठीतच बोलले. कोणाला कळणार होतं? म्हटलं, “घ्या! हेही घ्या परत. आमच्याकडे ओटी परत घेत नाहीत, पण माझ्याकडून सगळं परत घ्यायचंच ठरलंय ना! नवरा घेतला, कपाळावरचं कुंकू घेतलं, आता हे फडकं घ्या!”

आजीने माझ्या अंगठी नसलेल्या बोटांकडे बघत पाओलोला काहीतरी हळू विचारलं. त्याने मला विचारलं, “तुमचे पती?”

“नाहीत. दोन वर्षं झाली.”

त्याने सांगितलं. आजीने उघडा डोळा माझ्यावर रोखला. मग पाओलोकडे न बघता बोलली. तो म्हणाला, “तिचा नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला, वरच्या जंगलात झाड पडून. ती म्हणते, त्यानंतर तिला कोणी लग्नाला, बारशाला पुढे बसवलं नाही. म्हणून पेटी कधी उघडली नाही.”

तिने कापडाची घडी नीट केली. माझ्या गळ्यातला स्टोल स्वतःच ओढला, त्यात ते कापड ठेवलं आणि वरून जोराने थोपटलं. चेहरा अजून रागीटच होता. दार लावायच्या आधी तिने वाडग्याकडे बोट दाखवून पाओलोला विचारलं, हे पाच दाणे कशाला? मी सांगितलं. तिने ते उचलून परत तांदळाच्या डब्यात टाकले आणि झाकण लावलं.

ओटीचे तांदूळ शिजवून खायचे असतात. पुढच्या मुक्कामी, बोल्झानोच्या हॉस्टेलमध्ये मी त्यांचा भात केला आणि एक शीतही टाकलं नाही. कापड माझ्या कपाटात आहे, घरी कोणी आलं तर दाखवते. आणि मग ऐकून घेते! मेघनाचा नवरा म्हणतो, अल्टिट्यूड, उंचावरच्या विरळ हवेत भास होतात. एक काका म्हणाले, पितृपंधरवडा होता का बघ. शिल्पाने तर ग्रीफ काउन्सेलरचा नंबर पाठवला. अल्टिट्यूडने कुलूपबंद पेटीतून कापड बाहेर येतं का? मेघनाही होती ना तिथे, तिचा नवरा तर धडधाकट आहे, तिला कसलं ग्रीफ? दर वेळी मी भांडते, आणि दर वेळी समोरचा मान तिरकी करून ‘बिचारी’ अशा नजरेने बघतो.

या जानेवारीत परत अ‍ॅशबर्न, परत तबक. मुलगी, ईशा, म्हणाली होती, “आई, यू डोन्ट हॅव टू गो.” मी गेले. इटलीतलं कापड खांद्यावर टाकून गेले. शिल्पा ओळीने आली. उजवीकडची झाली. मग तेच लांब पाऊल...

मी तिचं मनगट धरलं. “शिल्पा, माझं राहिलं.”

तीस माना वळल्या. हार्टची डॉक्टर वाटीतल्या तिळगुळाकडे बघत बसली. शिल्पाने घाईने बोट टेकवलं, कुंकू जरा वाकडं लागलं. मी तसंच ठेवलं, रात्रीपर्यंत.

त्या दुपारी इडाच्या घरात कोण होतं, कुलपाचं काय झालं, ते पाच दाण्यांचं तिला कोणी शिकवलं... मला माहीत नाही. हा बग माझ्याकडे उघडाच आहे आणि मी तो बंद करणार नाही. राग एवढाच आहे, की जी कोण होती तिच्यापुढे मला तोंड उघडावं लागलं नाही. आणि ज्यांना मी वीस वर्षं घरी बोलावून जेवायला वाढलं, त्यांच्याकडून हात धरून मागून घ्यावं लागलं.